तेवढं एक वाक्य लिहा, डॉक्टर

अमेरिकेत वैद्यकी करणाऱ्या समस्त मराठी डॉक्टर मंडळींना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, माझ्या शेजारी राहणाऱ्या, व्हिएतनामच्या युद्धावर जाऊन आलेल्या एका म्हाताऱ्या सैनिकाचा कागद तुमच्यापैकी एकाच्या टेबलावर तीन आठवडे पडून आहे. आजाराचा धागा त्या युद्धातल्या विषारी फवारणीपर्यंत जातो असं डॉक्टरांनी लिहिलं, तर अशा माणसाला सरकारी भरपाई मिळू शकते. त्या डॉक्टरांचं नाव मी लिहिणार नाही. माणूस सज्जन आहे, गणपतीला त्यांच्या घरचे मोदक मी दरवर्षी खाते. शिवाय अडचण त्यांच्या एकट्याची नाहीच. गेली नऊ वर्षं असे कागद घेऊन मी पुष्कळ दारांत उभी राहिले. त्यांतली बरीच दारं आपल्याच माणसांची होती आणि बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळालं: ‘मी खात्रीने कसं लिहून देऊ?’ त्या एका उत्तरापायी आज हे लिहायला बसले.

मी डॉक्टर नाही. ओहायोतल्या एका लहानशा गावात बावीस वर्षं दवाखान्याचं बिलिंग केलं. म्हणजे तुम्ही गिचमिड लिहायचं आणि मी त्याला कोड लावत बसायचं. निवृत्त झाल्यापासून काउंटीच्या, म्हणजे इकडच्या जिल्ह्याच्या, माजी सैनिक कार्यालयात आठवड्यातून एक दिवस मदतीला जाते. फॉर्म भरायचे, जुने कागद तारखेवार लावायचे, ज्यांना आता गाडी चालवता येत नाही त्यांना दवाखान्यात सोडायचं. माहेर सातारा जिल्ह्यातलं. आमच्याकडे पारावर बसणाऱ्या दर तिसऱ्या आजोबांच्या काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल असायची, पेन्शनची. इकडे त्या कार्यालयात पहिल्यांदा गेले, बाकावर बसलेल्यांच्या मांडीवर तशाच पिशव्या पाहिल्या आणि आपण फार लांब आलोय असं काही वाटेना.

तर शेजारचे काका. वय शहात्तर. मी साठीची झाले तरी ते मला ‘किड’ म्हणतात. १९६८ साली, एकोणीस वर्षांचे असताना, ते व्हिएतनाममध्ये लाँग बिन्हच्या तळावर ट्रक चालवत होते. मी भारतातली आहे कळल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, ‘तुमचे फेटेवाले अधिकारी मी सायगॉनमध्ये पाहिलेत.’ मला वाटलं थट्टा करतायत. पण १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर तिथे जो आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोग बसला त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, बरोबर कॅनडा आणि पोलंड. काकांनी पाहिले ते आपलेच.

लाँग बिन्हला लागूनच बिएन होआचा विमानतळ. पानं झडवणारं औषध फवारणारी विमानं तिथून उडत. हवाई दलाने या कामाला नाव दिलं होतं ऑपरेशन रँच हँड. १९६२ च्या जानेवारीत सुरुवात, १९७१ च्या जानेवारीत अखेर. सी-१२३ जातीच्या मालवाहू विमानाच्या पोटात टाक्या बसवायच्या आणि झाडांच्या शेंड्यांवरून फवारत जायचं. जंगल उघडं पडलं की शत्रूला लपायला जागा उरत नाही, भात जळला की त्याला खायला उरत नाही, असा हिशेब होता. जवळपास दोन कोटी गॅलन, म्हणजे सात कोटी लिटरच्या वर तणनाशक त्या देशावर पडलं. त्यातलं निम्म्याहून जास्त एजंट ऑरेंज. हे नाव पिंपावरच्या नारिंगी पट्ट्यावरून पडलं, द्रवाचा रंग तसा नव्हता. निळ्या पट्ट्याचं, पांढऱ्या पट्ट्याचं, जांभळ्या पट्ट्याचं अशीही पिंपं होती. निळ्यात आर्सेनिक असे, ते भातावर मारायचं.

एजंट ऑरेंजमध्ये टू-फोर-डी आणि टू-फोर-फाइव्ह-टी ही दोन औषधं निम्मीनिम्मी. पहिल्याचं नाव गावी शेती असलेल्यांच्या कानावरून गेलं असेल. उसात, ज्वारीत रुंद पानाचं तण मारायला ते आजही फवारतात. घात होता दुसऱ्यात. ते तयार करताना आच वाढली की टीसीडीडी हा डायॉक्सिन जातीचा विषारी पदार्थ आपसूक त्यात उतरतो. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, १९९७ मध्ये त्याला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग करणारा हे नक्की. तुम्हाला हे मी सांगायला नको. काकांना मात्र १९६८ साली कोणी सांगितलं नव्हतं. रिकामं पिंप आडवं कापून त्यावर ते मांस भाजायचे. दुसरं पिंप उंचावर टांगून, पाणी भरून त्याखाली अंघोळ करायचे. ‘नारिंगी पट्टा होता का?’ मी विचारलं. म्हणाले, ‘किड, पट्टा बघायला कोण थांबतं. पिंप होतं.’

आता इथून पुढचं तुमच्यासाठी.

काकांना पंचवीस वर्षांपासून मधुमेह आहे. डाव्या पायाची दोन बोटं काढली. मूत्रपिंडं गेली, आता सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस. बायको वारली, मुलगा टेक्सासात. एवढं सगळं असून त्यांनी चार वर्षांपूर्वीपर्यंत सरकारकडे एक कागदही पाठवला नव्हता. का, तर ‘ते पैसे हातपाय गमावून आलेल्यांचे. मी तर धडधाकट परत आलो.’ त्यांना तपासणाऱ्या कुणाही डॉक्टरने कधी विचारलं नाही की तुम्ही सैन्यात होता का, आणि कुठे. आपल्याकडे पेशंटला कोणतं गाव, काय करता, घरी कोण कोण, हे विचारल्याशिवाय डॉक्टर नाडीला हात लावत नसत. इकडे येऊन सिगारेट किती, दारू किती एवढंच विचारायची सवय आपल्यालाही लागली. एक प्रश्न वाढवा. सत्तरीच्या पुढचा अमेरिकन पुरुष समोर बसला की, आणि हो, बाईसुद्धा, नर्सेस तिथे हजारोंनी होत्या, विचारा: सैन्यात होता का? कुठे, कधी?

आणि उत्तर ‘थायलंड’ आलं तर ‘मग नाही’ असं मनातल्या मनात ठरवू नका. सरकार ज्या जागांवरच्या सैनिकांना फवारणीने बाधित धरतं, त्या जागांचा नकाशा मोठा झालाय. २०२२ च्या पॅक्ट कायद्याने थायलंड, लाओस, कंबोडियाचा काही भाग, ग्वाम, अमेरिकन सामोआ, जॉन्स्टन बेट हे सगळं ठराविक तारखांसाठी आत घेतलं. कोरियाच्या सीमापट्ट्यात १९६७ ते १९७१ दरम्यान असलेले आधीपासून आत आहेत. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत जहाजावर असलेले नौसैनिक २०२० पासून आत आले. या नौसैनिकांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २००२ मध्ये इकडच्या माजी सैनिक खात्याने ठरवलं की ज्याचा पाय व्हिएतनामच्या जमिनीला लागला तोच बाधित. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की जहाजावर समुद्राचं पाणी ऊर्ध्वपातन करून गोडं करताना डायॉक्सिन मागे राहत नाही, पिण्याच्या पाण्यात उतरतो, आणि तोही जास्त दाट होऊन. पण कायद्याचा पाय जमिनीवर रुतलेला. २०१९ च्या जानेवारीत कोर्टाने प्रोकोपिओ खटल्यात तो काढला, जूनमध्ये संसदेने कायदा केला. मधल्या सतरा वर्षांत जे वारले ते वारले.

मी म्हटलं होतं की मधुमेह. तुमच्यातले एक जण मला हसून म्हणाले होते, ‘ताई, मधुमेह कोणाला होत नाही? हा माणूस रोज सकाळी डोनट खातो.’ खातो. मी पाहिलंय. पण डोनट की डायॉक्सिन, हे काढायचं कसं? तुम्हीच मला शिकवलंत की टीसीडीडी शरीरात निम्मा व्हायला सात ते अकरा वर्षं लागतात. १९६८ पासून आजवर पाच ते आठ वेळा तो निम्मा झाला. आज रक्त तपासून काय सापडणार? जे सापडेल ते क्लीव्हलंडच्या हवेतलं की बिएन होआच्या पिंपातलं, कोणती लॅब सांगेल? पुरावा शरीरातच विरघळून गेला, तोही सरकार ‘काही संबंध नाही’ म्हणत असताना.

१९७८ साली पॉल रॉयटरशान नावाचा, तिथे हेलिकॉप्टरवर काम केलेला तरुण कॅन्सरने जाता जाता टीव्हीवर सांगून गेला की आपण व्हिएतनाममध्येच मेलो, फक्त कळलं नाही. सैनिकाला स्वतःच्या सरकारवर नोकरीतल्या इजेसाठी दावा लावता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९५० मध्येच ठरवून ठेवलेलं. म्हणून ते रसायन कंपन्यांवर गेले. १९८४ मध्ये खटला उभा राहण्याच्या तोंडावर १८ कोटी डॉलरवर तडजोड झाली. आकडा ऐकायला मोठा. वाटणी झाली तेव्हा माणशी सरासरी चार हजार डॉलरसुद्धा आले नाहीत. शेवटी १९९१ मध्ये एजंट ऑरेंज कायदा झाला आणि त्याने शहाणपणाची एक गोष्ट केली: पुराव्याचं ओझं म्हाताऱ्याच्या खांद्यावरून उतरवलं. तू तिथे होतास ना? यादीतला आजार झालाय ना? मग तो तिथलाच, असं आम्ही धरून चालतो. इकडच्या कायद्याच्या भाषेत याला ‘प्रिझम्प्शन’ म्हणतात, आपण गृहीतक म्हणू.

यादी वाढत गेली, दर वेळी भांडून. प्रोस्टेटचा कर्करोग १९९६ मध्ये. टाइप टू मधुमेह २००१ मध्ये. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आणि पार्किन्सन्स २०१० मध्ये. मूत्राशयाचा कर्करोग आणि मंदावलेलं थायरॉइड २०२१ मध्ये. रक्तदाबाचा पुरावा पुरेसा आहे असं राष्ट्रीय अकादमीच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये लिहिलं, यादीत तो आला २०२२ मध्ये. फुप्फुसाचा कर्करोग, मल्टिपल मायलोमा, लिम्फोमा, एएल अ‍ॅमिलॉइडोसिस ही नावं आधीपासून आहेत. तुमच्या रोजच्या ओपीडीतली निम्मी नावं या यादीत सापडतील, म्हणून तर म्हणते, विचारा.

यादीतल्या आजारासाठी तुमचं मत कोणी मागत नाही. निदान स्वच्छ लिहा, बस्स. ‘हार्ट डिसीज’ लिहिलंत तर कागद अडतो, ‘इस्केमिक हार्ट डिसीज’ लिहिलंत तर पुढे जातो. फक्त ‘डायबेटिस’ नको, ‘टाइप टू’ हवं. बिलिंगवाल्या बाईचं हे बावीस वर्षांचं रडगाणं आहे, पण इथे त्या एका शब्दावर कोणाचं तरी औषधपाणी अवलंबून असतं.

खरी गाठ पडते यादीतल्या आजाराने पुढे जो आजार आणला त्यापाशी. काकांचा मधुमेह मान्य झाला. त्याला मिळाले अपंगत्वाचे २० टक्के, म्हणजे २०२५ च्या दराने एकट्या माणसाला महिना सुमारे ३४७ डॉलर. डायलिसिसवर गेलेल्या मूत्रपिंडांना मिळतात १०० टक्के, महिना ३,८३१ डॉलर, करमुक्त. पण मूत्रपिंडाचा आजार यादीत नाही. तो मधुमेहाने झाला हे कोणा डॉक्टरने लिहून द्यावं लागतं. (हे टक्के साधे बेरजेचेही नाहीत बरं का. ५० आणि ३० मिळाले तर ८० होत नाहीत. उरलेल्या पन्नासाचे तीस टक्के म्हणजे पंधरा, झाले पासष्ट, मग वर ढकलून सत्तर. आमच्या गुरुजींनी कान पिरगाळला असता.)

तर मी पत्राचा मसुदा करून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, ‘हे बघा, यांना बीपी पण आहे. गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं आयबुप्रोफेन खाल्लंय. वय आहे. मूत्रपिंडं मधुमेहानेच गेली असं मी छातीठोक कसं सांगू? बायॉप्सी कुठे आहे?’

मी त्यांना तिथे नीट उत्तर देऊ शकले नाही. माझी इंग्रजी त्यांच्यासमोर जरा अडखळते आणि मराठीत भांडायला लागले की मला रडू येतं. म्हणून इथे देते.

डॉक्टर, छातीठोक सांगा असं कायदा म्हणतच नाही. तुमच्या तीन दशकांच्या शिक्षणाने तुम्हाला ९५ टक्क्यांची खात्री मागायला शिकवलं. मेडिकल जर्नल ती मागतं, ऑपरेशन करताना तुम्ही ती मागता, आणि मागायलाच हवी. इथे लागते पन्नास. इंग्रजीत ते वाक्य असं आहे: ‘अ‍ॅट लीस्ट अ‍ॅज लाइकली अ‍ॅज नॉट’. आपल्या भाषेत, नसण्याची जितकी शक्यता आहे निदान तितकी असण्याची आहे. तराजूची दोन्ही पारडी एका रेषेत आली की सैनिकाच्या बाजूने कौल द्यायचा, हे इकडच्या कायद्यात लिहून ठेवलंय. १९९० च्या गिल्बर्ट खटल्यात न्यायाधीशांनी हे समजवायला पोरांच्या बेसबॉलचा दाखला दिला, की चेंडू आणि धावणारा एकाच वेळी पोचले तर धावणारा वाचतो. तुम्हा-आम्हाला बेसबॉल कशाला हवा? बेल उडाली तेव्हा बॅट रेषेच्या आत होती की बाहेर, कळत नाहीये. फलंदाज नाबाद. शिवाजी पार्कवर हे मान्य करणारा माणूस पांढरा कोट घातला की का विसरतो?

आणि आपल्या देशातही हाच न्याय आहे. २०१३ मध्ये धरमवीर सिंह खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी जो आजार कागदावर नोंदला नव्हता तो नोकरीत झाला असं धरायचं. तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची, संशयाचा फायदा जवानाचा. तिथेही शब्द दोन आहेत, सेवेमुळे ‘झालेला’ किंवा सेवेमुळे ‘वाढलेला’. इकडेही दुसरा शब्द चालतो. मधुमेहाने मूत्रपिंडं नासली नसतील, आधीच कमजोर असलेल्यांना त्याने आणखी खाली ढकललं असेल, तरी तो धागा धरता येतो. तुम्ही बीपीचं म्हणालात ना? बीपीसुद्धा २०२२ पासून यादीत आहे. म्हणजे संशयितांपैकी मधुमेह आणि बीपी हे दोन त्याच युद्धातून आलेले. उरली गुडघ्याची गोळी आणि वय. आता मला सांगा, पारडं कुठे आहे?

तुम्हाला पटत नसेल तर लिहू नका. खरंच. कोणाच्या म्हणण्यावरून खोटं लिहायचं नाही. याच पत्रांचा धंदा मांडून बसलेले लोक मी पाहिलेत. ते पेशंटचं तोंड न बघता शेकड्याने पत्रं छापतात आणि म्हाताऱ्याला मिळणाऱ्या वाढीतला वाटा मागतात. त्यांच्या वाटेला तुम्ही जाऊ नये, आणि माझ्याकडे येणाऱ्यांना मी जाऊ देत नाही. काउंटीचा माणूस हे काम फुकट करतो. पण त्या बाजारात माणूस का जातो? ज्याने अकरा वर्षं रक्तातलं क्रिएटिनिन चढताना, म्हणजे मूत्रपिंडं बिघडत जाताना पाहिलं, तो डॉक्टर दोन ओळी लिहायला कचरतो म्हणून. तुमच्या दोन ओळी, ‘मी यांना अमुक वर्षं तपासतो, कागद पाहिले, कारण हे हे आहे’, त्या छापील पत्राच्या कितीतरी पट वजनाच्या असतात. आणि कोर्टात उभं राहावं लागेल ही धास्ती सोडा. दाव्याच्या या पायरीवर समोर वकील नसतो, उलटतपासणी नसते.

आणखी एक कागद आहे, त्याच्याविषयी बोलताना मला सावकाश बोलावं लागतं. मृत्यूचा दाखला.

आमच्या कार्यालयात एक बाई आल्या होत्या. नवरा दोन महिन्यांपूर्वी गेला. हृदयविकार, दोन स्टेंट, मधुमेह, दोन्ही आजार यादीतले. दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलं होतं: ‘कार्डिओपल्मनरी अरेस्ट’. त्याखालच्या ओळी कोऱ्या. हृदय आणि श्वास थांबले म्हणून माणूस मेला, असं दाखला म्हणत होता. ते तर प्रत्येकाचंच थांबतं हो. सेवेशी जोडलेल्या आजाराने सैनिक गेला तर बायकोला २०२५ च्या दराने महिना १,६५३ डॉलर मिळतात, पण तो आजार दाखल्यावर दिसायला हवा, मूळ कारण म्हणून नाहीतर खालच्या भागात हातभार लावणारा आजार म्हणून. रात्री तीन वाजता, तिसऱ्या सलग पाळीत, ज्या डॉक्टरने तो भरला त्याचा मला राग नाही. फॉर्म भरायचा म्हणून भरला गेला. पुढे कुटुंबाच्या डॉक्टरांनी जुने कागद पाहून पत्र दिलं, दाखला दुरुस्त झाला. त्यात सात महिने गेले. त्या बाईंनी मधल्या काळात घरातला पियानो विकला. मला पियानोतलं कळत नाही, पण तो न्यायला माणसं आली तेव्हा मी त्यांच्याकडे होते. त्या कपाट आवरायला म्हणून आतल्या खोलीत गेल्या आणि ट्रक जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्या तरुण मंडळींनो, हे तुमच्यासाठी जास्त. ‘अरेस्ट’ लिहून थांबू नका. त्याच्या मागे काय होतं, त्याच्याही मागे काय होतं, तळापर्यंत उतरा. मधुमेह असेल, रक्तदाब असेल, तर खालच्या रकान्यात लिहा. शाई तेवढीच लागते.

मला कोणी विचारेल, हे आपल्याच लोकांना का सांगतेस? अमेरिकन डॉक्टर नाहीत का? आहेत. पण तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल, १९६५ चा इमिग्रेशन कायदा झाला आणि मुंबई-पुण्याच्या मेडिकल कॉलेजांतून माणसं इकडे यायला लागली. त्याच वर्षांत इकडच्या तरुण डॉक्टरांची सक्तीची भरती चालू होती, ती १९७३ पर्यंत चालली. व्हिएतनामने रिकाम्या केलेल्या काही खुर्च्यांवर आपण बसलो. यात आपला दोष काही नाही, पण नातं आहे. नंतरच्या पिढ्याही व्हिसाच्या अटीपायी जिथे दुसरे डॉक्टर जात नाहीत अशा आडगावांतच गेल्या. आणि अशाच आडगावांतून पोरं युद्धावर गेली होती. ती आता तुमच्या वेटिंग रूममध्ये बसतात, बेसबॉल टोपी घालून, टोपीवर तुकडीचं नाव असतं. वाचत जा ते.

एका गोष्टीची मला टोचणी आहे, ती लपवत नाही. ज्यांच्या डोक्यावर हे सात कोटी लिटर पडलं त्यांच्यासाठी कुठलाच फॉर्म नाही. व्हिएतनामच्या रेडक्रॉसचा अंदाज तीस लाख बाधितांचा आहे. तिथल्या लोकांनी २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला, २००५ मध्ये तो फेटाळला गेला. न्यायाधीश तेच, ज्यांच्यापुढे १९८४ ची तडजोड झाली होती. दा नांग विमानतळाची माती अमेरिकेच्या पैशाने २०१८ पर्यंत साफ झाली, बिएन होआचं काम त्यानंतर सुरू झालं. माती साफ करायला पैसे निघाले. काकांना मी हे एकदा सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आमच्या तळावर कपडे धुवायला एक बाई यायची. तिचं पोर त्या पिंपातल्या पाण्यात खेळायचं.’ पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

अमेरिकन नौदलाच्या अ‍ॅडमिरल झुमवाल्टांची हकिकत तुम्ही वाचली असेल. मेकाँगच्या खोऱ्यात नद्यांच्या काठावर फवारणीचा हुकूम त्यांनी दिला, आपली माणसं दडून मारणाऱ्यांच्या गोळ्यांपासून वाचावीत म्हणून. त्याच नद्यांत त्यांचा मुलगा गस्तीच्या बोटीवर अधिकारी होता. १९८८ मध्ये तो लिम्फोमाने गेला, बेचाळीस वर्षांचा. बाप शेवटपर्यंत म्हणत राहिला की तेव्हाच्या माहितीवर मी पुन्हा तोच हुकूम दिला असता, आणि शेवटपर्यंत सैनिकांच्या बाजूने भांडतही राहिला. १९९० चा अहवाल त्यांनीच सरकारला लिहून दिला, अनेक आजारांचा संबंध मान्य करा असं सांगणारा. त्या अहवालातली भाषा मी पाहिली. ते खात्री मागत नाहीत. निदान नसण्याइतकी असण्याची शक्यता, तेच माप त्यांनी लावलंय. ज्याच्या हातून हुकूम सुटला त्याला तेवढं माप पुरलं.

असो. तुम्हाला वेळ नसतो, हे मला ठाऊक आहे. पंधरा मिनिटांत चार पेशंट आणि वर कॉम्प्युटरचे शंभर रकाने, मीच ते भरत होते. म्हणून सोपं करून ठेवलंय. पेशंटने ‘व्हिएतनाम’ म्हटलं तर त्याला काउंटीच्या माजी सैनिक कार्यालयाचा रस्ता सांगा आणि आजच ‘इंटेंट टू फाइल’, म्हणजे दावा करणार असल्याची सूचना, पाठव म्हणा. त्या दिवसापासून वर्षभर तारीख राखली जाते, मागचे पैसे त्या तारखेपासून मोजतात. कागद आम्ही जमवतो, मसुदा आम्ही करतो, तुम्ही वाचायचा, खोडायचा, पटला तर सही.

काकांचा मसुदा एका पानाचा आहे. तो डावीकडच्या ट्रेमध्ये आहे, इन्शुरन्सच्या गठ्ठ्याखाली, वर पिवळी चिठ्ठी लावलीय मी. शुक्रवारी डायलिसिस संपल्यावर साडेअकराला त्यांना घेऊन तुमच्या दारावरूनच जाते. पाच मिनिटं गाडी थांबवीन.

आपली,
ओहायोतली एक माजी बिलिंगवाली